दुसऱ्या अल्बममधली हाक

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बाई शेजारच्या मायलेकांच्या बोलण्यात आपला ठणका पार विसरल्या. मुलाच्या हातात ड्रमच्या काड्या होत्या आणि आईच्या कानात त्याचे इअरफोन.

"अगंबाई, हा तर माझा आवाज! ‘अहो, जेवायला चला!’"

"आमच्या दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं. जुन्या फोनमधली तुझी हाक घेतली, तुकडे केले, ठेक्यावर बसवले. बाकी ड्रम, गिटार सगळं आम्हीच वाजवलंय."

"माझे तुकडे करण्याआधी विचारायचं तरी! घसा किती बसलाय."

"पोरं त्याच्यावरच तर नाचतात."

"माझ्या ओरडण्यावर? तुम्ही बापलेक तर तीनदा ओरडल्याशिवाय जागचे हलत नव्हता."

"म्हणून तीनदाच वाजतं."

"मला स्टुडिओत ने. गोड आवाजात म्हणते. केसबिस नीट करून येते."

"केस ऐकू येत नाहीत, आई."

"आणि मागे ती कसली खुडबुड? ती तरी काढा."

"गिटारवालाही तेच म्हणत होता. मी काढू दिली नाही. थांब, आवाज वाढवतो."

"...‘आलो, आलो’ म्हणतायत."

"हो."

"आले नव्हतेच लगेच. भाजी परत गरम करायला लावली मला."

"मग कधी येतेस स्टुडिओत?"

"नको रे. आता हाक मारली तर ओ कोण देणार? पुन्हा लाव."

आतून नर्सने तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कुठे गाल धरून बसलेल्या बाई "आले, आले" म्हणत उठल्या.