किसनच्या रेकॉर्डवरचा हार

हसणार नसाल तर सांगतो. आमच्या रेवदंड्याच्या किसनची भजनांची रेकॉर्ड निघाली, तेव्हा तिच्या कव्हरवरचं चित्र मी काढलं होतं. मुंबईच्या कंपनीला त्यानेच ठणकावलं होतं, "चित्र माजा मैतर काढंल."

आता माझा धंदा काय, तर गेलेल्या माणसांची चित्रं काढायचा. लोक जुना फोटो आणून द्यायचे, मी तो मोठा रंगवून द्यायचो. किसनचंही तसंच जीव ओतून रंगवलं. मागे पांढरे ढग, डोक्याभोवती उजेड, आणि सवयीने चौकटीवरून सोडलेला हार. किसन खूश, कंपनीही खूश.

रेकॉर्ड दुकानांत लागली आणि एक दिवस मी किसनकडे चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात त्याची माणगावची मावशी हंबरडा फोडतच अंगणात आली. "किसना रं, मला न सांगता कसा गेलास रं!"

किसन कप घेऊनच बाहेर धावला. "काय झालं गं मावशे? कोन गेलं?"

मावशी मटकन खालीच बसली. "दुकानात तुजा हार घातलेला फोटू, वर तुजंच गानं लावल्यालं..." बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याचं चित्र मीच काढलं होतं. तेच ढग, तोच हार.

मला मान वर करवेना. कसाबसा म्हणालो, "किसन, कंपनीला सांगून दुसरं काढतो."

किसनने शांतपणे चहा संपवला.

"ऱ्हाऊ दे रं," तो म्हणाला. "कधी तरी लागंलच."