चुलीवरचा भात

लीड्सच्या पोस्टातल्या रांगेत मालविकाच्या पुढे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली नात उभी होती. नातीच्या हातात तिकडच्या अध्यक्षीय निवडणुकीची, टपालाने पाठवायची कोरी मतपत्रिका होती. मराठी कानावर पडली तसा मालविकाने फोन खिशात टाकला.

“आजोबा, माझं मत फायनल आहे. एक म्हणतो, शत्रूच्या आधी आपणच हल्ला करायचा. दुसरी म्हणते, आधी पुरावा दाखवा, काँग्रेसला, म्हणजे आमच्या संसदेला विचारा.”

“मग तुला कोण पटलं, धम्मशीला?”

“पहिला! सम्यक अमेरिकेच्या नेव्हीत आहे. माझा भाऊ मरेपर्यंत थांबायचं?”

“एकाहत्तरला मीही फौजेत होतो. समोरच्या झोपडीत मशीनगन आहे, अशी खबर आली. आम्ही आधी गोळ्या झाडल्या.”

“बरोबरच केलं तुम्ही.”

“आत चुलीवर भात रटरटत होता.”

“आणि मशीनगन?”

“नव्हती.”

“माणसं होती?”

“खबर अगदी पक्की होती, बाळा. साहेबांनी छातीठोकपणे सांगितली होती.”

काउंटर रिकामा झाला. धम्मशीला मालविकाकडे वळली.

“यू गो अहेड, प्लीज. मला अजून भरायचंय हे.”