पान्याच्या खिळ्याला चप्पल

मला उतावळा म्हणता ना? मग बहात्तर सालचं ऐका. नगरला आमच्या गल्लीत सगळ्यांची मिळून एक सायकलची शेड होती. हत्यारं सगळ्यांची, दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. नियम एकच. पाना घेतला, की त्याच्या खिळ्याला आपली एक चप्पल अडकवायची. एका चपलेवर कोण कुठं जाणार?

मी गेलो!

नागापूरच्या कारखान्यात नऊला मुलाखत, आणि साडेआठला मागचं चाक डुगडुगायला लागलं. शेडमध्ये घुसलो, खिळ्याला चप्पल अडकवली, नट आवळले, पाना खिशात कोंबला आणि सुटलो. अर्ध्या वाटेत डाव्या तळपायाला पॅडल टोचलं, तेव्हा कळलं. पण आता मागं कोण फिरतंय!

साहेबांसमोर पाय लपवत बसलो होतो, तेवढ्यात शेड सांभाळणारे नामामामा थेट आत! मुलाखतीचं मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलंच होतं. मामांच्या हातात माझी चप्पल, मागं रखवालदार ओरडतोय.

"ही घे चप्पल आन पाना दे. माझं चाक तिकडं खोलून पडलंय."

साहेब ताडकन उठले. "म्हणजे पाना चोरून आलास?"

मामा मात्र साहेबांवरच उखडले.

"चोर व्हय? आवो, तुमच्या कारखान्यातली हत्यारं जात्यात, तवा कुनी चप्पल ठिवून जातं का?"

साहेब खाली बसले. मामांकडून खिळ्याचा नियम नीट समजून घेतला. मग मला हत्यारांच्या कोठीवर घेतलं.

आठवड्याभरात अख्खा कारखाना एका चपलेवर चालत होता.