पुराच्या वरची खोली

खुराडं! तोंडावर म्हणाल्या, तुम्हाला सांगतो! मंजुळाकाकी, घराच्या मालकीणबाई, डोंबिवलीवरून आल्या, दारात उभ्या राहिल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "साहिल, हे घर हाय का कोंबड्यांचं खुराडं रे?" अहो काकी, महाडात एक पावसाळा काढा, मग बोला!

आता तुम्हीच ठरवा. काकींचं हे चार खोल्यांचं घर, नदीकडच्या आळीत, पुरानं पार धुतलेलं, फुकट दिलं तरी कुणी घेईना. माझा दादा, अरविंद, गवंडी. एक नंबर गवंडी! तो काकींना म्हणाला, "पैसा नाय आपल्याकडं, पण घाम हाय. आम्ही दोघं भाऊ घर उभं करतो. तीन खोल्या तुम्ही भाड्यानं द्या, चौथी आमच्या नावावर करा." काकी हो म्हणाल्या. मी म्हटलं, दादा, दुसऱ्याच्या पडक्या घरात कशाला राबायचं? तर म्हणतो, "येड्या, एमआयडीसीत माणसं येतायत, त्यांना झोपायला जागा नाय. आज ही खोली, उद्या पोलादपुरात दुसरं पडकं घर बघू. पैसा नाय, पण घाम हाय!"

आणि गेल्या पावसात परत पाणी आलं, याच घरातला गाळ दादानं उपसला आणि त्याला ताप भरला... पुराच्या मागून येतो ना, तो ताप... आठवड्यात माणूस नाय. जाऊ दे. तो विषय नको. मी काय सांगत होतो? हां, भराव!

मी ठरवलं, या घरात पाणी येणार नाय. म्हणजे नायच! दादानं दाराबाहेरच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केलेली, जमीन इथवर उचलायची, गुडघ्याएवढी. गुडघ्यानं काय होतंय? टाकला मुरूम. घमेलं डोक्यावर, एकटा मी! मांडीपर्यंत आला. थांबावं? नाय थांबलो. कमरेपर्यंत नेला, धुमसानं ठोकला, वर सिमेंटचा कोबा! चारही खोल्यांत! शेजारचे सोनबातात्या ओटीवरून ओरडतायत, "अरे, जमीन वर चाललीय, छपराचा पत्रा कुठं चाललाय का?" म्हटलं, तात्या, पैसा नाय, पण घाम हाय! मला कुठला पत्रा दिसतोय? मला पाणी दिसतंय!

मग कंपनीतला एक पोरगा खोली बघायला आला, हर्षद नावाचा. दारातून आत पायऱ्या चढला आणि डोकं थेट पंख्याला. "भाऊ, हा चालू केला तर?" मी म्हटलं, "रात्रपाळी ना तुझी? झोपायलाच येणार ना? झोपलेल्या माणसाचं डोकं लागतं का कधी पंख्याला?" पळाला की हो!

आणि मग काकी, आणि ते खुराडं. वर म्हणतात, "बोली अरविंदशी झालेली. तो नाय, तर बोली पण नाय."

तेवढ्यात दीक्षा वहिनी, दादाची बायको, माझ्या मागं उभी होती, ती पायऱ्या चढून आत गेली. मुळात ठेंगणी. पंख्याखाली मधोमध ताठ उभी राहिली. "काकी, हितं पाणी पोचायचं नाय," म्हणाली. "ही खोली आम्हाला द्या. बाकीच्या तिन्ही खोल्यांचा भराव भावोजी काढून देतील. यांनी खूण केलीय ना, तिथपर्यंत."

काकींनी दाराबाहेरच्या त्या खुणेवरनं बोट फिरवलं. मग पदरानं नाक पुसलं. "उद्या वकिलाकडं चला," म्हणाल्या.

झाली की नाय खोली? सांगत होतो ना मी? पैसा नाय, पण... हां, तर आता तीन खोल्यांतला मुरूम बाहेर काढतोय. ज्या डोक्यानं आत नेला, त्याच डोक्यानं. पोलादपूरचं पडकं घरही बघून ठेवलंय, घाबरतो काय! संध्याकाळी दमून आपल्या हक्काच्या खोलीत शिरलो की वहिनी म्हणते, "भावोजी, वाका. नायतरी जेवायला बसायचंच असतं ना?"

तर मालक हाय मी आता. कधीही या भेटायला. फक्त मालक उठून उभा राहिला नाय, तर राग मानू नका.