रिकामी खुंटी

एकिदोर : नाही म्हणजे नाही, साहेब. टोपी डोक्यावर ठेवा आणि चहा घ्या. बकरीच्या दुधाचा आहे.

लुस्वेती : बाबा, भिंतीवर पलटणीच्या, पोलिसांच्या एवढ्या टोप्या तुमच्या. एका इन्स्पेक्टरचीच जड झाली का?

एकिदोर : हा संग्रह आहे, कपडे टांगायची जागा नव्हे. ती पहिली लाल, गोंड्याची फेझ टोपी माझ्या आजोबांची. पलटणीत गेले तेव्हा ती नीट बसावी म्हणून गोऱ्या साहेबानं त्यांचा मातीनं लिंपलेला बुचडा छाटला, शहामृगाच्या पिसांसकट.

नाकिरू : तो बुचडा मात्र कुणी जमवला नाही.

एकिदोर : बायकोचं बोलणं मनावर घेऊ नका.

नाकिरू : यांनी लग्नापासून घेतलेलं नाही.

लुस्वेती : ठाण्यात सगळे सांगतात, ज्याची टोपी या भिंतीवर लागली त्याची बदली झाली. मागचा सार्जंट किसुमूला गेला. त्याच्या आधीचा तर नैरोबीला.

एकिदोर : अहो, बदलीचा हुकूम आलेल्याकडेच मी टोपी मागतो. मग तो जाणार नाही तर काय करणार?

लुस्वेती : तेच म्हणतोय मी. तुम्ही टोपी घेता आणि माणूस सुटतो.

एकिदोर : नाकिरू, तू तरी समजाव यांना.

नाकिरू : मी कशाला? याच समजुतीवर आपल्या घरात साखर येते.

लुस्वेती : बाबा, माझी पोर तिकडे बुंगोमाला. मी या तुर्कानाच्या वाळूत आलो तेव्हा रांगत होती. आता फोनवर गप्पा मारते, आणि ठेवला की आईला विचारते, हे पोलीसकाका आपल्याला रोज का फोन करतात?

एकिदोर : वाईट वाटतं ऐकून. पण माझा नियम आहे, वापरातलं संग्रहात घ्यायचं नाही. थांबा, जरा वाकून दाखवा. हा बिल्ला... अहो, हा तर केव्हाच बंद झाला.

लुस्वेती : नवे इथपर्यंत पोचलेच नाहीत.

एकिदोर : मग आधी बोलायचं नाही का? तुम्ही कधीच इतिहासजमा झालात, साहेब. फक्त तुम्हाला कळवायचं राहून गेलं. आणा ती टोपी.

(काही आठवड्यांनी, त्याच ओसरीवर. लुस्वेती बोडका, हातात पिशवी.)

नाकिरू : या, सावलीत बसा. आली का बदली?

लुस्वेती : कमांडर आले, आई. तपासणीला. रांगेत सगळे टोपीत, मी एकटा बोडका. टोपी कुठाय विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं.

एकिदोर : अरे देवा. मग?

लुस्वेती : मला आत नेलं, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, भिंतीचा गुण यायला साधारण किती दिवस लागतात? त्यांचं घर मोम्बासाला.

एकिदोर : पिशवीत काय आहे?

लुस्वेती : त्यांची टोपी. हाताखालच्या माणसाच्या शेजारी लटकणार नाही म्हणाले. माझी उतरवायची, तिथं त्यांची लावायची.

एकिदोर : बघू, बघू. चंदेरी कशिदा. हा हातचा आहे, नाकिरू, हात लावून बघ.

नाकिरू : वापरातलं घ्यायचं नाही ना?

लुस्वेती : आता वापरातली नाही. त्यांनी ती या पिशवीत घातली आणि दुपारी त्यांच्या बदलीचा हुकूम आला.

एकिदोर : पण मी अजून भिंतीला लावलीसुद्धा नाही.

लुस्वेती : वरच्या हुद्द्याची पिशवीतूनही लागू पडते, बाबा.

एकिदोर : असो, नियमात बसली. खुंटी मोकळी करतो.

नाकिरू : आणि त्यांच्या जागी कोण येणार?

लुस्वेती : इथं कोण येतंय, आई? नवा माणूस मिळेपर्यंत कारभार मीच बघायचा. आणि कारभार बघणाऱ्याला हलवत नाहीत.

नाकिरू : घ्या, तुमची टोपी. झटकून ठेवली होती. फोन वाजतोय तुमचा.

लुस्वेती : बोल, बाळा. हो. पोलीसकाकाच बोलतोय.