ओट्याची उंची

अंधेरीला रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. मुलीच्या हातात पुठ्ठ्याचं छोटं स्वयंपाकघर होतं.

"नापास केलं, आई. इंटिरियरच्या तिसऱ्या वर्षाला, एका ओट्यावरून!"

"ओट्याला काय झालं?"

"मी तीस इंच ठेवला. सर म्हणाले, चौतीसच लागतो, पुस्तकात बघ."

"मग कर ना चौतीस, अस्मिता. कशाला वाद घालतेस?"

"तुझी उंची चार फूट आठ आहे. लोकांच्या ओट्यावर खांदे वर करून पोळ्या लाटतेस, आणि घरी येऊन खांदे धरून बसतेस."

"हळू बोल गं. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! सरांना सांगितलं, ओटा माझ्या आईच्या मापाचा आहे. तर हसले. म्हणाले, आपण मालकिणीसाठी डिझाइन करतो, बाईसाठी नाही."

"बाई म्हणजे?"

"कामवाली."

"असं म्हणाले?"

"सगळ्या वर्गासमोर."

रिक्षा आली. आई जागची हलली नाही.

"परत कधी दाखवायचंय?"

"उद्या अकराला. ओटा बदलून आण म्हणालेत."

"बदलू नकोस. उद्या मी खाडा करते."

"कशाला?"

"येते तुझ्याबरोबर. माझ्या तोंडावर बोलू दे त्यांना."