पागोट्याने मान डोलावली

मंडळी, एक सांगा! देवाने बोलावलं आणि आपण स्वतः न जाता नुसती टोपी पाठवली, तर आपण गेलो की नाही? हसू नका! गुणाजीशेटने हेच केलं!

ऐका. वाघोटणच्या खाडीकाठी नारिंग्रेकरांची पेढी. आजा धोंडशेट, एकच गलबत, तेही ठिगळांचं! पण त्याने नेम घातला — नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सफरीला घरचा माणूस गलबतावर पाहिजेच! का? अहो, स्वतःचा जीव आत असला की मालक भार बेताने भरतो! मुलाने नेम पाळला, गलबतं चार झाली. नातू गुणाजीशेटच्या काळात अकरा! आणि हा शेट कसा? होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर!

एका वर्षी त्याने पहिल्या सफरीच्या गलबतात चिरे भरले — दगड हो, दगड! — काठ पाण्याला टेकेपर्यंत. गलबत हाकणारा बाबल तांडेल हात जोडून म्हणाला, "शेटांनू, अर्दे उतरवया. आमी बारा जण आसों. घराक पोरां आसत."

"एक चिरा उतरणार नाही!"

"मगे नेमाप्रमाणे तुमी चला."

शेटचा चेहरा पांढराफटक! पण डोकं चलाख. डोक्यावरचं पागोटं काढलं न् म्हणाला, "हे ने. हाच मी समज!"

बाबलने पागोटं कपाळाला लावलं, सुकाणूपाशी पाटावर मांडलं आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं विचारलं, "मालकांनू, अर्दे चिरे उतरवू?"

लाट आली. गलबत डोललं — पागोटं डोललं!

"मालक हो म्हणाले रे! उतरवा!" धडाधड चिरे धक्क्यावर!

शेट ओरडला, "अरे, मालक मी!"

"तुमी खंयचे? मालक हंय बसले आसत!"

आता बोला! नुसतं पागोटं म्हणावं तर नेम मोडला, मग खलाशी शीड उभारतील? धक्क्यावर उतरलेले चिरे मोजत बसला बिचारा, बोडक्या डोक्याने.

तिसऱ्या दिवशी वादळ सुटलं. पाणी काठापर्यंत आलं, पण आत नाही शिरलं. बाराच्या बारा परतले! बाबलने पागोटं शेटच्या हातात ठेवलं. "शेटांनू, ह्यांनी आमचो जीव वाचवलो." शेटला रडू आवरेना हो. पुढच्या वर्षी स्वतः चढला! मुंबईपर्यंत ओकत गेला, पण भार बेताचा!

हसलात? हसा! आता जरा पुढच्या रांगेत बघा. जागा धरायला हे सात रुमाल कुणी पसरलेत? माणसं घरी चहा पिताहेत! त्यांना निरोप द्या — देव आज कीर्तनाला आलाच, तर रुमालांना भेटून जाईल!